शस्त्रबंदी : हलगलीपासून संविधानसभेपर्यंत

नागरिकाच्या हाती शस्त्र असावे की नसावे, हा प्रश्न निघाला म्हणजे दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. शस्त्रे काढून घेतली की हिंसा थांबेल, हे एक. आणि निःशस्त्र समाज दुबळा होतो, हे दुसरे. आपल्या देशात या दोन्ही उत्तरांची कसोटी दीडशेहून अधिक वर्षे लागत आलेली आहे. तो इतिहास पाहता आम्हांस असे वाटते की, लोकांचा मुख्य रोष नियंत्रणावर नव्हता. नियंत्रणामागील अविश्वासावर व पक्षपातावर होता.

१८५७ च्या उठावाच्या धामधुमीत कंपनी सरकारने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध घातले आणि त्यांची झळ दक्षिण मराठा मुलखातील संस्थानांनाही लागली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हलगली हे बेडरांचे गाव. कुणब्याला जसा नांगर, तसे शिकारीवर व चाकरीवर जगणाऱ्या बेडराला हत्यार. ते देण्यास त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये गावावर फौज चालून आली. पुढे डिसेंबरात त्यांच्या पुढाऱ्यांना फासावर चढविण्यात आले. कानडी लावणीने ही कथा जतन करून ठेविली आहे. याउलट, १८६१ मध्ये कोडगूच्या लोकांना त्यांच्या राजनिष्ठेबद्दल याच निर्बंधांतून सूट मिळाली. एकाच प्रदेशाच्या आसपास एकाला हत्यारापायी फाशी, तर दुसऱ्याला त्याच हत्याराची मोकळीक! शस्त्रापेक्षा ते बाळगणाराची निष्ठाच येथे तोलली जात होती, हे उघड आहे.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, १८७८ मध्ये, या धोरणाला पक्के रूप आले. त्या वर्षीच्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसास परवान्याखेरीज शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले. युरोपियनांना मात्र सूट राहिली. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही झाला आणि त्यातून इंग्रजी पत्रे वगळली गेली. लेखणी व तलवार या दोहोंना एकाच वर्षी, एकाच मापाने मोजण्यात आले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी विसरता कामा नये. वृत्तपत्रांचा कायदा लवकरच रद्द झाला, हत्यारांचा टिकला.

त्याने हिंसा थांबली काय? कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारिले. जुलै १८७९ मध्ये ते आजच्या विजयपूर जिल्ह्यात पकडले गेले. ज्याने बंडाचा निश्चय केला त्याला परवान्याची अडचण वाटली नाही; कायद्याचा काच शांतताप्रिय रयतेलाच अधिक झाला. म्हणूनच १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट झाला. परंतु त्या ठरावातही हा हक्क निर्बंध नियमांच्या अधीन ठेविला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

डिसेंबर १९४८ मध्ये हाच प्रश्न संविधानसभेपुढे आला. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारातून वाटेल ते हत्यार विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क दिल्यास राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. सूचना फेटाळली गेली. सभा भरविण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले, तेही शांततेने व शस्त्रांवाचून. परक्या सत्तेविरुद्ध जे मागणे न्याय्य होते, ते स्वतःचे राज्य आल्यावर त्याच रूपात राहिले नाही. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. १९५९ चा नवा कायदा १९६२ मध्ये अंमलात आला. वंशभेद त्याच्या कितीतरी आधीच गेला होता. परवान्याचे तत्त्व मात्र राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली.

तथापि समाधान मानण्यास जागा नाही. २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर, २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे व धारवाडला वचनसाहित्याचे अभ्यासक एम. एम. कलबुर्गी आणि २०१७ मध्ये बंगळुरात गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हे चौघेही लिहिणारे होते. आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून परवाना नसलेल्या हत्यारांनी होतात. म्हणजे परवाना मागावयास येणारावर जितकी नजर, तितकीच चोरून हत्यारे घडविणारा, विकणारा आणि ती चालविण्यास माणसे तयार करणारा यांच्यावर असल्याखेरीज कायद्याचा हेतू साधत नाही.

हलगलीच्या बेडरांना राज्याने शस्त्र मागितले, पण त्याच्या बदल्यात विश्वास दिला नाही. स्वराज्यातील नागरिकाने शस्त्र आपण होऊन राज्याकडे सोपविले आहे. निःशस्त्र माणसाचे, विशेषतः निर्भयपणे बोलणाऱ्या माणसाचे, रक्षण करणे हे त्या सोपविण्यामागील अलिखित वचन होय. ते पाळले जाते की नाही, यावरच आजच्या शस्त्रबंदीची योग्यता ठरावयाची आहे.