कुटुंबाचे शास्त्र शिकविणारी रोममधील संस्था

दि. १३ मे १९८१, बुधवार, फातिमा मातेचा सण. त्या सायंकाळी संत पेत्रुस चौकातील जाहीर भेटीत पोप जॉन पॉल दुसरे कुटुंबविषयक एका नव्या उच्च शिक्षण संस्थेची घोषणा करणार होते. परंतु भाविकांमधून त्यांची मोटार फिरत असतानाच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि घोषणा राहून गेली. पुढे दि. ७ ऑक्टोबर १९८२ रोजी, जपमाळेच्या मातेच्या सणादिवशी, प्रेषितीय संविधानाद्वारे रोममधील लॅटरन विद्यापीठात ही संस्था विधिवत स्थापन झाली व ती फातिमा मातेच्या स्वाधीन करण्यात आली. कार्लो काफारा हे तिचे पहिले अध्यक्ष. ते पुढे बोलोन्याचे कार्डिनल झाले.

विवाहासाठी स्वतंत्र संस्था कशाला, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. आम्ही स्वतः सेमिनरीत विवाह हा विषय शिकलो तो मुख्यतः धर्मसभेच्या कायद्याच्या अंगाने: अडथळे कोणते, संमती वैध केव्हा, पुकारे किती. ते ज्ञान आवश्यक होते. मात्र पाच वर्षे संसार केलेले जोडपे अबोला धरून समोर येऊन बसते, तेव्हा ते अपुरे पडते, हे धर्मग्रामात आल्यावर उमगले. या संस्थेत ईशज्ञानासोबत तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही अभ्यास होतो. पदविका, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट अशा पदव्या मिळतात. धर्मगुरू व धर्मभगिनींच्या बरोबरीने प्रापंचिकही तेथे शिकू शकतात. आमच्या मते हीच तिची मोठी देणगी आहे.

संस्थेच्या शिकवणीचा पाया समजून घ्यायचा तर दि. २२ नोव्हेंबर १९८१ चे ‘फामिलियारिस कोन्सोर्सियो’ हे प्रबोधनपत्र पाहावे. १९८० साली कुटुंब या विषयावर भरलेल्या सिनडचे हे फलित. विवाहाच्या तयारीचे तीन टप्पे त्यात सांगितले आहेत. दूरची तयारी बालपणीच घरात सुरू होते. आईवडील एकमेकांशी कसे बोलतात, हे पाहूनच मूल लग्न म्हणजे काय ते शिकते. जवळची तयारी तरुण वयात, धर्मशिक्षणाच्या रीतीने, सावकाश करावयाची असते. निकटची तयारी लग्नाआधीच्या शेवटच्या काही महिन्यांतली आणि आठवड्यांतली. आपल्याकडे ‘लग्नाचा कोर्स’ म्हणून जे ओळखले जाते, ते या तिसऱ्या टप्प्याचेही एक अंगच. हॉल, केटरर, कपडे ही सारी धावपळ आटोपून वधूवर तेथे येतात, तेव्हा त्यांचे निम्मे लक्ष प्रमाणपत्राकडे असते. (त्यांना तरी दोष कसा द्यावा?) विवाहानंतर नवदांपत्याची पाठराखण करावी, असेही हे पत्र सांगते. तिकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

दि. ८ सप्टेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या संस्थेच्या जागी विवाह व कुटुंब यांच्या शास्त्रांसाठी नवी ईशज्ञान संस्था स्थापन केली. जॉन पॉल दुसरे यांचे नाव कायम राहिले. मानवी शास्त्रांना अधिक वाव मिळाला आणि ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या पत्राचा आधार घेण्यात आला. कार्डिनल काफारा यांचे निधन त्याच्या दोनच दिवस आधी झाले होते. २०१९ मध्ये नवे नियम लागू झाले, नैतिक ईशज्ञानाचे एक अध्यासन बंद झाले व विद्यार्थ्यांनी लेखी नाराजी व्यक्त केली. हा वाद दडविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. कुटुंबाच्या आजच्या जखमा जवळून पाहाव्यात की प्रथम आदर्श स्पष्ट मांडावा, या प्रश्नावर श्रद्धावान विद्वानांतही मतभेद आहेत. धर्मग्रामात काम करणाऱ्याला दोन्ही एकाच दुपारी करावे लागते.

कालांतराने वॉशिंग्टन, व्हॅलेन्सिया, मेक्सिको आदी ठिकाणी संस्थेच्या शाखा उभ्या राहिल्या. मेलबर्नची शाखा २०१८ च्या अखेरीस बंद झाली. भारतात केरळमधील चंगनाचेरी येथे संस्थेचे कार्य सुरू झाले. रोममध्ये शिकायचे तर इटालियन भाषा आत्मसात करावी लागते. त्यामुळे आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या शिक्षकास, समुपदेशकास वा दांपत्यास या अभ्यासाची ओढ असेल, तर त्यांनी आधी केरळकडे चौकशी करावी, असे आम्ही सुचवितो.