शेजाऱ्यांचा अंतिम सामना

हुपरीची ओळख चांदीची. क्रिकेटच्या नकाशावर मात्र आम्ही कोल्हापूरकडचे लोक मुंबईचे नव्हे, ‘महाराष्ट्र’ संघाचे. म्हणून 1970-71च्या रणजी अंतिम सामन्याचा सल आम्हांस अजून आहे. तोवर पश्चिम विभागातून एकच संघ बाद फेरीत जाई, आणि 1958-59पासून तो मुंबईचाच असे. त्या हंगामी प्रत्येक विभागाचे दोन संघ पुढे गेले व दरवर्षी साखळीत भिडणारे हे दोन शेजारी थेट करंडकासाठी समोरासमोर आले.

याहून चांगली संधी कोणती? वाडेकर, सरदेसाई, सोलकर, गावसकर वेस्ट इंडीजमध्ये होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालचा उरलासुरला संघ ब्रेबोर्नवर 48 धावांनी जिंकला. मुंबईचे ते सलग 13वे अजिंक्यपद!

महाराष्ट्राला परंपरा नव्हती असे नव्हे. 1939-40 व 1940-41चे करंडक त्याचेच. 1948 साली नाबाद 443 धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर तर कोल्हापुरात जन्मलेले. पण मुंबईची दुसरी फळी कांगा लीगच्या पावसाळी चिखलात दरसाल घडत होती. आमच्याकडे निंबाळकर निपजले, तशी फळी कधी उभी राहिली नाही.