कोऱ्या डिस्कची तयारी

नवी एसएसडी जोडली की विंडोज विचारते: एमबीआर की जीपीटी? मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंब्ली शिकलो. मला त्या प्रश्नात १९८३ साल दिसतं. त्या वर्षी आयबीएमचा पीसी-एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि डॉस २.० सोबत एफडिस्क. डिस्कचे भाग पाडायचे आणि त्यांची नोंद पहिल्या सेक्टरमध्ये ठेवायची, ही एमबीआरची रीत तिथली. २ टीबीपुढे तिचा हिशेब संपतो, म्हणून जीपीटी. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींची होती, म्हणून डिस्कला सी मिळालं. फ्लॉपी गेल्या, सी टिकला.

तेव्हा कोरी डिस्क तयार करणं हे खरंखुरं कसब होतं. झाकणावर कारखान्याचा कागद चिकटवलेला असे: कोणत्या सिलिंडरवर, कोणत्या हेडखाली जागा खराब आहे त्याची यादी. डॉसच्या डीबगमध्ये जी=सी८००:५ टाकून कंट्रोलरचा लो-लेव्हल फॉरमॅट उघडायचा आणि ती यादी आकड्या-आकड्याने भरायची. एकाने वाचायची, दुसऱ्याने टाइप करायची, असा आमचा शिरस्ता. आकडा चुकला तर कुणाची तरी खातेवही खराब जागेवर लिहिली जाणार, याची जाणीव हातांना असे. ती शिस्त मला आजही मोलाची वाटते. पुढे कंट्रोलर डिस्कवरच असलेली आयडीई आली, ते काम कारखान्यात गेलं. आमच्याकडे जंपर, एफडिस्क आणि फॉरमॅट उरले.

एसएसडीमधल्या, तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी १९८७ मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅशची तऱ्हा वेगळी. लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. खराब ब्लॉकची यादी आता एसएसडीचा कंट्रोलरच सांभाळतो. पण जुनी रीत इथे नडली. एका ट्रॅकवर ६३ सेक्टर, या जुन्या हिशेबाने विंडोज एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करी. एसएसडीत ट्रॅकच नाहीत. तरी त्या आकड्यामुळे फाइल सिस्टीमचे ४ केबीचे तुकडे पानांच्या सीमेवर आडवे पडत आणि लिखाण विनाकारण वाढे. व्हिस्टाने सुरुवात १ एमबीवर नेली. २००९ च्या विंडोज ७ ने ट्रिम आणलं: फाइल पुसली की कुठली पानं मोकळी झाली ते एसएसडीला कळू लागलं.

जुन्या एक्सपी मशीनची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवली की ६३ सोबत येऊ शकतो. म्हणून हाताखालच्या मुलांना मी आधी पार्टिशनचा ऑफसेट, म्हणजे ते कितव्या बाइटपासून सुरू होतं, ते बघायला लावतो. त्याला ४०९६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. १ एमबीच्या १०,४८,५७६ ला जातो. ६३ सेक्टरच्या ३२,२५६ ला जात नाही.