चार शाळा आणि एक प्रश्न : पैसा कुणाचा, प्रवेश कुणाला?

पुण्याच्या बुधवार पेठेत आणि तिच्या अवतीभवती एकोणिसाव्या शतकात चार शाळा उभ्या राहिल्या. पाठ्यपुस्तकांत त्या निरनिराळ्या प्रकरणांत भेटतात. एक कंपनी सरकारच्या धोरणात, दुसरी समाजसुधारणेत, तिसरी राष्ट्रीय चळवळीत, चौथी स्त्रीशिक्षणात. त्यामुळे त्या परस्परांच्या शेजारी होत्या, दहा-पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात होत्या, हे सहसा ध्यानात येत नाही. आज त्या शेजारी ठेवूनच पाहू.

पहिली शाळा विश्रामबाग वाड्यातली. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा राज्य गेल्यावर इंग्रजांच्या हाती आला आणि १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटत असत. एल्फिन्स्टनने ती प्रथा एकदम मोडली नाही. त्या रकमेचा काही भाग मात्र त्याने पाठशाळेकडे वळवला. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय. शास्त्री ब्राह्मण, विद्यार्थीही ब्राह्मण. पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे अखेर शेतसारा भरणाऱ्या कुणब्याचा. त्याच्या मुलाला मात्र आत जागा नव्हती. पुढे १८५१ मध्ये ही पाठशाळा सरकारी इंग्रजी शाळेशी जोडली गेली व पूना कॉलेज झाले. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच.

दुसरी शाळा भिडे वाड्यातली, १८४८ ची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा. ती लवकरच खंडित झाली, परंतु १८५१ मध्ये बुधवार पेठेतच चिपळूणकर वाड्यात नव्याने सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा निघाली. भिडे, चिपळूणकर ही आडनावे येथे मुद्दाम वाचावीत. सनातन्यांचा रोष पत्करून जागा देणारे त्याच समाजात होते. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आपल्या जातीवरील अन्यायाविषयी शाळकरी मुलगी धर्मालाच जाब विचारते, हे त्या काळात अभूतपूर्व होते.

गंमत पाहा, या शाळांना काही काळ सरकारी मदत मिळाली, ती त्याच दक्षिणेच्या निधीतून! आणि १८५२ मध्ये फुल्यांचा सरकारी सत्कार झाला तो विश्रामबाग वाड्यातच. तीस वर्षांत तोच पैसा, तोच वाडा. पण त्यांचा मान घेणारा माणूस माळी समाजातला होता. माझ्या मते अव्वल इंग्रजीतील पुण्याचे याहून बोलके चित्र दुसरे नाही.

तिसरी शाळा न्यू इंग्लिश स्कूल. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी ती बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात काढली. आगरकर पुढे येऊन मिळाले. सरकारी मिंधेपणा नको, म्हणून शिक्षकांनी अल्प वेतनावर राबायचे, हा बाणा. शिक्षण मुलांचेच, आणि हायस्कूलच्या इयत्तांपर्यंत पोहोचलेल्या मुलांचे. चौथी शाळा १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनी स्थापन केलेली मुलींची. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवरून तिला हुजूरपागा हे नाव पडले. तिच्या अभ्यासक्रमावर टिळकांनी कडक टीका केली, आगरकरांनी बाजू उचलून धरली. एकाच शाळेचे हे दोघे शिक्षक, हे विसरू नये.

या दोन शाळांच्या दरम्यान, १८८२ मध्ये, फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. विश्रामबाग वाड्याचा हिशेब ते जणू साठ वर्षांनी मांडत होते.

नगरपालिकांना अशी सक्ती करण्याची मुभा मुंबई इलाख्यात १८ च्या विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने मिळाली, म्हणजे १९१८ मध्ये. पुण्यात लगेच वाद पेटला तो सक्ती मुलींनाही लावायची की तूर्त मुलांनाच, यावर. पैसा पुरणार नाही, म्हणून आधी मुलगे, असे टिळकांसह अनेकांचे म्हणणे होते. त्याविरुद्ध १९२० मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रिया मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या.