मनूचे पाच टक्के, सावकाराचे अठरा आणि कार्डाचे बेचाळीस

वऱ्हाड हा अख्खा प्रांतच एकदा कर्जापोटी गहाण पडला होता, हे आपल्या शाळेत कुणी नीट शिकवले नाही. निजामाकडे इंग्रजांच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली. ती वसूल करण्यासाठी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १८६० मध्ये इंग्रजांनी निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ केले, रायचूर आणि धाराशिव परत केले; वऱ्हाड मात्र सोडला नाही. कर्ज संपले तरी गहाण सुटले नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने तो कायमचाच घेऊन टाकला. अमरावती-अकोल्याच्या कास्तकाराने पुढे शंभर वर्षे सावकाराच्या ओट्यावर जे सोसले, ते आधी त्याच्या मुलखाने सोसले होते.

हा इतिहास आज काढण्याचे कारण आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात घडले. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत नोकरीला असलेल्या आमच्या एका मित्राने क्रेडिट कार्डाचे बिल पुढे ठेवले आणि म्हणाला, "दर महिन्याले भरून राह्यलो, मंग कमी काहून होत नाही?" विहारात पंधरा-वीस पोरे होती. त्यातल्या सहा-सात जणांच्या खिशात कार्ड होते. बिल पूर्ण वाचलेला एकही नव्हता. आम्ही हे टोमणा म्हणून लिहीत नाही, कारण आम्हीही त्यातलेच.

तर मागे जाऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. त्याच सुमारास रयतवारीची मोजणी होऊन जमीन कास्तकाराच्या नावावर चढली. आपली पुस्तके याला प्रगती म्हणतात. पण जमीन नावावर चढली म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली, कोर्टातून लिलावात काढता येऊ लागली. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकाराच्या वहीतला आकडा तेवढा वर राहिला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले.

या काळातले एक घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, जन्मले १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला आणि वाढले अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात, मामाच्या घरी. घरात लिहिता-वाचता कुणाला येत नव्हते. सावकाराच्या वहीत कर्ज वाढत गेले, जमीन गेली, त्या धक्क्याने मामा गेले आणि ताबा घ्यायला आलेल्या सावकारापुढे शेतात हा तरुण पोरगा उभा राहिला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रात ही हकीकत आहे. बाबा जन्मभर कीर्तनात सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. त्याचे मूळ दापुऱ्याच्या शेतात आहे. आपल्याकडे ते वाक्य काटकसरीचा उपदेश म्हणून भिंतीवर रंगवतात. आम्हाला त्याचा दुसरा अर्धा भाग जास्त वजनाचा वाटतो. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या कर्जाचा आकडा दुसराच कुणीतरी ठरवतो.

आता कुणी म्हणेल की मग कर्ज घेऊच नये. चळवळीतली काही वडीलधारी मंडळी असे म्हणतात, आणि त्यांच्याशी आमचे पटत नाही. बाबासाहेब १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत होतीच, पण नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्जही होते. त्या मुक्कामातून 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आला. कर्ज घेणे पाप नव्हे. कुणाकडून घेतले, कोणत्या दराने, तारण काय आणि दराला मर्यादा कुणी घातली, हे प्रश्न आहेत.

दराचा इतिहास काढला की मनुस्मृती टाळता येत नाही. आठव्या अध्यायाचा १४२ वा श्लोक काढून पाहा. व्याजाचा दर वर्णाप्रमाणे चढत जातो: ब्राह्मणाला महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. म्हणजे शूद्राला वर्षाला साठ टक्के. आपण तर त्या तक्त्यातही नव्हतो. त्याच अध्यायात १७७ वा श्लोक सांगतो की कर्जदार समान किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. वरच्या जातीचा असेल तर त्याने सवडीने, हळूहळू द्यावे. वऱ्हाडात ज्याने सालदारी पाहिली आहे त्याला या श्लोकाचे भाष्य लागत नाही. गुढीपाडव्याला साल ठरायचे, उचल मिळायची आणि वर्षभर पहाटेपासून ती अंगाने फेडायची. लग्न किंवा आजारपण निघाले की पुढच्या सालाची उचल आधीच डोक्यावर. वेठबिगार कायद्याने बंद झाली १९७६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर एकोणतीस वर्षांनी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जळला, त्यात हा व्याजाचा तक्ताही जळला, हे आपण २५ डिसेंबरच्या भाषणात सांगत नाही. सांगायला पाहिजे.

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की त्याच परंपरेत दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याप्रमाणे वऱ्हाडातही कोर्टे तो पाळत. सावकार नवा कागद करून त्याला बगल देत, ते वेगळे. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा आला, आणि लवादापुढे बसून कर्जाचा आकडा खाली आणता येऊ लागला. १९३६ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने जाहीरनाम्यात भूविकास बँका आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक सहकारी संस्था मागितल्या. आज महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. चक्रवाढ व्याज बंद, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचे नाही, आणि शासनाने ठरवलेला कमाल दर असा: शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२, इतरांना तारणावर १५, विनातारण १८. वर्षाला. चोरून सावकारी चालते, दर महिन्याला शेकडा पाच-दहा लावणारे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते पकडले तर गुन्हेगार ठरतात.

क्रेडिट कार्डाचा दर महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. वर चक्रवाढ. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. आणि हे पूर्ण कायदेशीर आहे.

हे कसे घडले? बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये घातलेले कलम २१-अ सांगते की बँकेचा व्याजदर जाचक आहे म्हणून कोर्टाला तो पुन्हा तपासता येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी कार्डावर ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित व्यापारी प्रथा ठरवले होते. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दोन्ही बाजूंनी ठरलेल्या कराराच्या अटी आयोगाला बदलता येणार नाहीत, हा त्यातला मुद्दा. करार! नांदगाव पेठच्या पोराने मोबाईलवर 'मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवले, तो करार. दापुऱ्याच्या मामाचाही करारच होता.

आता त्या बिलाचा हिशेब. फळ्यावर मांडला तसाच इथे मांडतो. बाकी ५०,००० रुपये. महिन्याचे व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, मिळून २,०६५. बिलावर ठळक छापलेली किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के, म्हणजे २,५००. मित्र ती इमानाने भरायचा. मुद्दलातून गेले फक्त ४३५. नवी एकही खरेदी न करता वर्षभर असेच भरले तर खिशातून जातात सुमारे २८,६०० आणि बाकी कमी होते जेमतेम ५,००० ने. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, पहिल्या दिवसापासून व्याज. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड लांबत जाते, ही सूचना रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिलावर छापावीच लागते. छापलेली असतेही, मुंगीएवढ्या अक्षरात.

कार्ड वाईट असे आम्ही म्हणत नाही. पूर्ण बाकी मुदतीत भरणाऱ्याला ते महिनाभर फुकट पैसे वापरू देते. त्याची किंमत कोण भरतो? जो पूर्ण भरू शकत नाही तो. ज्याच्या नावावर घर, शेत, सोने आहे त्याला तारणावर स्वस्त कर्ज मिळते. ज्याच्या बापाकडे सातबाराच नव्हता त्याला १९९८ चे किसान क्रेडिट कार्डही मिळाले नाही. २०१२ मध्ये ठेक्याने आणि बटाईने कसणाऱ्यांना नियमांत जागा मिळाली, तरी बँकेच्या टेबलावर आधी सातबाराच मागतात. २००८ च्या कर्जमाफीतही त्याला काही नव्हते, कारण माफी बँकेच्या शेतीकर्जाला होती. कार्ड मात्र पगाराची स्लिप पाहून घरपोच आले. दर आता जातीवर लागत नाही, तारणावर लागतो. आणि तारण कुणाच्या घरात साठले, कुणाच्या घरात साठू दिले नाही, हा इतिहास जातीचाच आहे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये याचे उत्तर मुळापासून मांडले होते. शेती राज्याच्या मालकीची, बी-बियाणे, अवजारे, जनावरे, पाणी राज्याने पुरवायचे. विमा राज्याचा आणि प्रत्येक प्रौढाला कमाईच्या प्रमाणात सक्तीचा. आमच्या वर्गातल्या सहा-सात कार्डांपैकी चार कार्डांवरची मोठी बाकी दवाखान्याची होती.

मित्राचे पुढे काय झाले ते सांगतो. कार्ड आधी आईच्या पेटीत गेले. कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेतून त्याने वर्षाला बारा टक्क्यांनी कर्ज काढले आणि कार्डाची बाकी एकरकमी भरली. हप्ता सुमारे चोवीसशे, दोन वर्षांत मोकळा. कार्ड बंद करायचा अर्ज लेखी दिला. बाकी शून्य असताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही तर दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हा नियम त्याला फळ्यावरच कळला होता. मधल्या काळात वसुलीवाल्याचा रात्री साडेनऊला फोन आला. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, असे त्याने सांगितले. फोन ठेवला गेला. पुन्हा आला असता तर बँकेकडे लेखी तक्रार आणि तीस दिवस उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, ही वाट होतीच.

आठव्या दिवशीही कार्ड बंद झाले नव्हते. त्याने पाचशे रुपयांप्रमाणे हिशेब लावून दुसरा अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे, शिक्क्यासकट.