लंगोट (बाळाचा)

लंगोट हे तान्ह्या बाळाचे मलमूत्र शोषून घेण्यासाठी त्याच्या कमरेभोवती बांधले जाणारे वस्त्र आहे. महाराष्ट्रात तो परंपरेने जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा करतात. वारंवार धुतलेले कापड मऊ असते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत एकदा वापरून टाकायचे डायपरही प्रचलित आहेत.

बदलण्याची पद्धत

लंगोट ओला होताच बदलतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने त्वचा पुढून मागे पुसून कोरडी करतात व नाळ पडेपर्यंत लंगोट तिच्या खाली बांधतात. ओलावा राहिल्यास पुरळ उठते. पाचव्या दिवसानंतर बाळाने २४ तासांत किमान सहा वेळा लघवी करणे हे पुरेसे दूध मिळत असल्याचे लक्षण मानतात. डायपर ओल शोषून घेत असल्याने ही संख्या सहज लक्षात येत नाही.

विल्हेवाट

कापडी लंगोट धुऊन उन्हात वाळवतात. डायपरमधील प्लास्टिक मात्र कुजत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत वापरलेले डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्याची तरतूद करण्यात आली. कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीवर अनेक वर्षे मिश्र कचरा साठत गेला. ती २०२१ मध्ये बंद करण्यात आली.