पट्टी चौदा टक्क्यांवर का अडकते? ब्लेड सर्व्हरची एक जुनी गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा प्रश्न आला: "ब्लेड सर्व्हर एवढा दणकट, मग त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला साध्या पीसीपेक्षा जास्त वेळ का लागतो?" थोडक्यात सांगायचं तर ब्लेड दणकटच असतं, दुबळी असते ती त्याच्यापर्यंत जाणारी वाट. ही वाट अशी का झाली, त्याला इतिहास आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच.

2001 साल. अमेरिकेत ह्यूस्टनच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने तीन यू उंचीच्या एका पेटीत 24 सर्व्हर बसवले. आत ट्रान्समेटा कंपनीचे कमी वीज खाणारे क्रूसो प्रोसेसर. (लिनक्सवाले लिनस टोरवाल्ड्स तेव्हा याच ट्रान्समेटात नोकरीला होते.) पुस्तकांच्या फळीत पुस्तकं उभी लावावीत तसे हे सर्व्हर. जागा वाचवायची म्हणून वीजपुरवठा, पंखे, नेटवर्क सगळं सामाईक केलं. आणि सीडी ड्राइव्ह? प्रत्येक ब्लेडला द्यायला जागाच नव्हती. घोळ सुरू होतो तो इथून.

2002 मध्ये आयबीएमचं ब्लेडसेंटर आलं. सात यूमध्ये 14 ब्लेड आणि सगळ्यांत मिळून एक सीडी ड्राइव्ह. ज्या ब्लेडला सीडी हवी त्याच्यावरचं बटण दाबायचं, की ड्राइव्ह त्याच्याकडे. वाड्यात एकच नळ असला की बिऱ्हाडं नंबर लावतात, तसा प्रकार! त्यातून सुरुवातीच्या पेटीत हा ड्राइव्ह यूएसबी 1.1 वर होता. सेकंदाला 12 मेगाबिट, म्हणजे सगळं उत्तम चाललं तरी दीड मेगाबाइट. 650 मेगाबाइटची सीडी नुसती वाचायलाच सात मिनिटांच्या वर. डीव्हीडीच्या काळात हाच हिशेब तासावर गेला.

दुसरी वाट कॉम्पॅक आणि एचपीच्या घराण्यातली: आयएलओ, पूर्ण नाव 'इंटिग्रेटेड लाइट्स-आउट'. डेटा सेंटरमध्ये कुणी माणूस नको, दिवे बंद ठेवा, सगळं लांबून चालवा, असा त्या नावाचा अर्थ. मराठवाड्यातल्या माणसाला 'लाइट्स-आउट' म्हटलं की वेगळंच काही आठवतं, ते असो. यात तुमच्या लॅपटॉपमधली सीडी नेटवर्कवरून ब्लेडला 'खरीच सीडी आहे' अशी दाखवली जाते. सोय मोठी. पण ब्लेड थोडंसं मागणार, लॅपटॉप देणार, ते पोचलं की मग पुढची मागणी. लॅपटॉप त्याच खोलीत असेल तर ठीक, दुसऱ्या गावात असेल तर फेऱ्याच फेऱ्या.

2010 मध्ये परभणीतल्या एका संस्थेत मी हेच पाहिलं. सहा ब्लेडची पेटी आलेली. पुण्यात बसलेला इंजिनिअर दोन मेगाबिटच्या लीज्ड लाइनवरून आपल्या लॅपटॉपमधली डीव्हीडी दाखवत होता. सव्वा जीबी जरी वाचायचं म्हटलं तरी लाइन पूर्ण भरून चालली असती तर दीड तासाच्या आसपास. प्रत्यक्षात पट्टी चौदा टक्क्यांवर तासभर उभी. त्यात भारनियमन! यूपीएस दोन तास तग धरायचा, आणि लाइट त्याहून जास्त वेळ जायची. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी प्रवेशाचे अर्ज सुरू व्हायचे होते आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत सहापैकी एकही ब्लेड तयार नव्हतं. तिथले साहेब म्हणाले, "मशीनच खराब आलंय, परत पाठवा."

मशीन खराब नव्हतं. डीव्हीडी पुण्याहून रात्रीच्या एसटीने मागवली. चार जीबीचा माल एका रात्रीत परभणीला, दोन मेगाबिटच्या लाइनच्या मानाने एसटीचा वेग काही वाईट नाही! डीव्हीडीतला सगळा माल त्याच खोलीतल्या एका साध्या डेस्कटॉपवर ठेवला आणि ब्लेड नेटवर्कवरून बूट केली. तेव्हा दुसरं दुखणं दिसलं: फाइल येते, पण रखडत. स्विचच्या पोर्टवर कुणीतरी वेग हाताने 'शंभर, फुल डुप्लेक्स' असा बांधून ठेवला होता आणि समोरची बाजू 'ऑटो'वर. अशा वेळी ऑटोवाल्याला समोरून काही उत्तरच मिळत नाही, तो हाफ डुप्लेक्स धरून बसतो. एक बाजू बोलताना ऐकू शकते, दुसरी नाही. लिंकचा दिवा हिरवाच असतो, पिंगही जातं, फक्त मोठी फाइल मरते. हाफ डुप्लेक्सवर अडकलेल्या बाजूला लेट कोलिजनचा आकडा वाढताना दिसला की ओळखायचं. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवल्या, प्रश्न मिटला. रविवारी दुपारी सहाही ब्लेड उभी होती.

आता या नेटवर्क बूटची गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत मजेशीर. इंटेलने पीएक्सईची 2.1 आवृत्ती 1999 मध्ये काढली. पण त्यात फाइल आणण्याचं काम टीएफटीपीकडे, आणि त्याचं प्रमाणपत्रक 1981 चं! छोट्याशा रॉममध्ये मावावं म्हणून ते मुद्दाम साधं ठेवलेलं: 512 बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. 40 मेगाबाइटची सुरुवातीची फाइल म्हणजे 81,920 तुकडे. एका खोलीत फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर 41 सेकंद. तीच फेरी 20 मिलिसेकंदांची झाली, म्हणजे सर्व्हर दुसऱ्या शहरात, तर 27 मिनिटं. लाइन जाड घेऊन काही फरक पडत नाही, कारण वेळ वाट बघण्यात जातो. तुकडा मोठा करायची सोय पुढे 1990 च्या दशकात आली. 1,456 बाइटचा तुकडा घेतला तर फेऱ्या जवळजवळ एक तृतीयांशावर येतात.

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण पुण्यातलं. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या टॉप 500 यादीत जगात चौथा आला, 117.9 टेराफ्लॉप्स. तो एचपीच्या बीएल 460सी ब्लेडचा बनलेला होता. यादीत 14,240 कोर, दर ब्लेडला आठ, म्हणजे 1,780 ब्लेड. एकेक ब्लेड तासभर घेऊन हाताने भरायचं ठरवलं असतं तर 74 दिवस, रात्रंदिवस. एवढ्या पसाऱ्यात सीडीचा विचारच करता येत नाही. नेटवर्क बूट आणि किकस्टार्टसारखी आधी लिहून ठेवलेली उत्तरपत्रिका, दुसरा मार्ग नाही. तिथेही हजार ब्लेड एकदम फाइल मागायला लागली की एकटा सर्व्हर गुदमरतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी चालू करावं लागतं.

श्रोत्याच्या प्रश्नात आणखी एक ओळ होती: "फाइल लवकर येतात, पण पॅकेज बसताना गाडी रखडते." मग नेटवर्क सोडा, डिस्क बघा. रेड कंट्रोलरची बॅटरी नसेल किंवा मेली असेल तर तो राइट कॅश बंद करतो. प्रत्येक लहान फाइल थेट डिस्कवर लिहिली जाते, आणि पॅकेज म्हणजे लहान फाइलींचं वारूळच. बॅटरी बदलून बघा आणि कळवा.

2015 च्या यूईएफआय 2.5 मध्ये एचटीटीपीवरून बूट करायची सोय आली, त्यात तुकड्यागणिक थांबणं नाही. तरी आजही कित्येक ठिकाणी ब्लेड चालू केलं की काळ्या पडद्यावर आधी टीएफटीपीचंच नाव येतं.